साच्याविना होडी : काच, फोम आणि हौशी नौकाबांधणीचा इतिहास

कोकणच्या बंदरांत आज ‘फायबरची होडी’ म्हटले, की ती कशी असते हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. गुळगुळीत अंगाची, फळ्यांच्या फटी नसलेली, एकीसारखी दुसरी, साच्यातून निघालेली. तिच्याविषयी सांगितली जाणारी कथाही ठरलेली असते. पूर्वी लाकडाच्या होड्या होत्या, त्या बांधणारे सुतार होते. मग फायबर आले, कारखाने आले, साचे आले आणि सुताराच्या हातातली विद्या गेली. ही कथा खोटी नाही, पण अर्धी आहे. फायबरच्या इतिहासाची दुसरी शाखा साच्याच्या बाहेर वाढली आणि तिच्याकडे फारसे कुणी पाहिलेले नाही.

साच्यातून एक होडी काढायची, तर प्रत्यक्षात तीन बांधाव्या लागतात. आधी त्या आकाराचा भरीव नमुना, मग त्या नमुन्यावरून उलटा साचा आणि शेवटी त्या साच्यात होडी. शंभर होड्या काढायच्या असतील, तर हा खर्च अंगावर येत नाही. ज्याला आयुष्यात एकच होडी हवी आहे आणि तीही स्वतःच्या हाताने, स्वतःच्या परसात बांधायची आहे, त्याला तो परवडत नाही. अशा माणसांनी १९६०च्या दशकापासून साच्याविना काम करण्याची रीत शोधली : मध्ये हलक्या फोमचा गाभा आणि त्याच्या दोन्ही अंगांना रेझिनमध्ये भिजवलेले काचकापड. सुकाणूच्या पात्यापासून अख्ख्या पठाणापर्यंत, म्हणजे होडीच्या तळकण्यापर्यंत, सगळे भाग असे घडवता येऊ लागले.

या रीतीने वरवर पाहता काम सोपे केले. माझ्या मते तिने त्याहून मोठी एक गोष्ट केली. होडीचा सुतार लाकूड निवडतो. सागाची ताकद झाडाने आधीच तयार करून ठेवलेली असते. सुतार ती ओळखतो, जपतो, योग्य जागी लावतो. काच, रेझिन आणि फोम घेऊन बसलेल्या माणसाजवळ मात्र सुरुवातीला कुठलेच बळकट साहित्य नसते. काचकापड लोंबते, रेझिन वाहते, फोम बोटाने दाबला जातो. ताकद त्याला त्या तासाभरात स्वतः तयार करायची असते आणि ती तयार झाली की नाही, हे बाहेरून दिसत नाही. गुरू नाही, परंपरा नाही आणि दोष झाकलेला. अशा स्थितीत हौशी माणसे भरवशाच्या होड्या बांधायला कशी शिकली, हा या लेखाचा विषय आहे.

काच आणि रेझिन

काचेचे धागे काढण्याची कल्पना जुनी आहे, पण त्यांचा स्वस्त आणि भरपूर पुरवठा सुरू झाला तो अमेरिकेत, ओहायो राज्यात. १९३२ साली ओवेन्स-इलिनॉय कंपनीत डेल क्लाइस्ट हा तरुण काचेच्या विटा एकमेकींना जोडण्याचा प्रयत्न करत होता. दाबाखालच्या हवेचा झोत वितळलेल्या काचेवर पडला आणि काचेचे बारीक तंतू उडाले. त्याला हवे होते ते झाले नाही. पण गेम्स स्लेटर यांनी या अपघाताचे मोल ओळखून त्यातून उत्पादनाची पद्धत विकसित केली. १९३८ मध्ये ओवेन्स-कॉर्निंग फायबरग्लास ही स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. सुरुवातीला या तंतूंचा उपयोग गाळण्या आणि उष्णतारोधक लोकर यांसाठीच होता.

नुसती काच होडीच्या कामाची नाही. तंतू ताणाला जबरदस्त असतो, पण त्याला जागेवर धरून ठेवणारे काही हवे. ते काम पॉलिएस्टर रेझिनने केले. कार्लटन एलिस या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने १९३०च्या दशकात या प्रकारच्या रेझिनची पेटंटे घेतली. दोन्ही हाताशी आल्यावर ओहायोतल्याच टोलेडो येथील होडीबांधणारे रे ग्रीन यांनी १९४२ मध्ये काच-पॉलिएस्टरची छोटी शिडाची होडी तयार केली. ‘पहिली फायबरची होडी कुणाची’ यावर दावे-प्रतिदावे आहेत. ग्रीन यांचे नाव त्यांत सर्वाधिक घेतले जाते. युद्धानंतर हा उद्योग वेगाने वाढला तो साच्यांच्या बळावर.

भरीव काच-रेझिनच्या भिंतीत एक अडचण असते. ती बळकट असते, पण लवचीक. ती वाकू नये म्हणून जाडी वाढवावी, तर वजन वाढते. लाकडी फळी जाड असूनही हलकी असते, म्हणून ती आपोआप ताठ राहते. काचेला तो गुण नाही. हा प्रश्न होडीवाल्यांच्या आधी विमानवाल्यांनी सोडवला होता.

मॉस्किटो आणि भारतातला पावसाळा

२५ नोव्हेंबर १९४० रोजी इंग्लंडमध्ये डी हॅविलंड कंपनीच्या मॉस्किटो विमानाचे पहिले उड्डाण झाले. धातूच्या युगात हे विमान लाकडाचे होते. त्याच्या धडाची भिंत तीन थरांची होती : आत आणि बाहेर बर्चच्या प्लायवूडचा पातळ थर आणि मध्ये बाल्सा हे अतिशय हलके लाकूड. धडाचे दोन उभे अर्धे साच्यांवर वेगवेगळे घडवून मग मध्यरेषेवर जोडले जात. फर्निचर आणि पियानो बनवणाऱ्या कारखान्यांनाही या विमानाचे सुटे भाग बनवता आले, ते यामुळेच.

या तीन थरांच्या रचनेचे गणित शाळकरी आहे. भिंतीचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. एक भरीव पत्रा मधोमध चिरून त्याचे दोन थर केले आणि त्यांच्यात मूळ जाडीइतकाच हलका गाभा घातला, तर एकूण जाडी दुप्पट होते आणि ताठपणा सातपट. गाभा आणखी जाड करून एकूण जाडी चौपट केली, तर ताठपणा ३७ पट होतो. वजनात भर पडते ती फक्त गाभ्याची. बाहेरचे थर ताण आणि दाब घेतात; गाभ्याचे काम एवढेच, की त्या दोघांना एकमेकांपासून दूर ठेवायचे आणि सरकू द्यायचे नाही. म्हणून सगळी भिस्त असते ती थर आणि गाभा यांच्यातल्या जोडावर. जोड सुटला, की ३७ पटीचा हिशेब त्याच क्षणी संपतो आणि हातात दोन पातळ, लवलवते पापुद्रे उरतात.

या जोडाची कसोटी भारतात लागली. १९४४ मध्ये भारतात तैनात असलेल्या मॉस्किटो विमानांना अपघात झाले, त्यांत काही हवेतच मोडली. नोव्हेंबरात पंखांच्या तपासणीसाठी विमाने जमिनीवर ठेवावी लागली. पहिला आरोप अर्थातच इथल्या हवेवर आला. पावसाळा, दमट उष्मा, त्यात फुगणारे-आकसणारे लाकूड, वाळवी. कंपनीच्या पथकाचा निष्कर्षही हवामानाकडे बोट दाखवणारा होता. पुढे अधिक तपास झाला आणि इंग्लंडमधल्याच, कधीही पावसाळा न पाहिलेल्या विमानांत तसेच दोष सापडले. जोड नीट चिकटवलेलेच नव्हते. दोष हवेचा कमी आणि हाताचा जास्त होता.

हा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. सँडविच रचनेच्या इतिहासातला पहिला मोठा धडा तिथे आहे : न दिसणाऱ्या जोडाचे अपयश नेहमी दुसऱ्या कशावर तरी ढकलता येते. लाकडी होडीची फळी कुजली तर ती दाखवता येते. सुटलेला जोड आतल्या आत असतो.

मॉस्किटोत सुरुवातीला दुधातल्या केसिनपासून बनवलेला सरस वापरत. पुढे त्याची जागा कृत्रिम रेझिनने घेतली. ते विकसित केले होते नॉर्मन डी ब्रॉइन यांच्या डक्सफर्ड येथील एअरो रिसर्च लिमिटेड या कंपनीने. तिच्याच नावाच्या आद्याक्षरांवरून पुढे एका इपॉक्सी चिकटद्रव्याचे नाव पडले : ॲरल्डाइट. आपल्याकडे घरोघरी तुटलेल्या कपाचा कान चिकटवणाऱ्या त्या दोन नळ्यांचे कूळ असे युद्धकाळातल्या विमानांपर्यंत जाते.

टाके घातलेली होडी

युद्ध संपल्यावर ब्रिटनमध्ये ‘स्वतः करा’ची लाट आली. तिचा दूरदर्शनवरचा ओळखीचा चेहरा होता बॅरी बकनेल. घरातली दारे, कपाटे, भिंती स्वतः कशा दुरुस्त कराव्यात, हे तो लोकांना शिकवी. नौकांचे आरेखक जॅक होल्ट यांच्यासोबत त्याने एक छोटी शिडाची होडी तयार केली. ‘डेली मिरर’ या वृत्तपत्राने ती उचलून धरली आणि १९६३ मध्ये ‘मिरर’ याच नावाने, लाल शिडासह, ती सुट्या भागांच्या संचाच्या रूपात बाजारात आली. लांबी सुमारे ३.३ मीटर. किंमत ६३ पौंड आणि काही शिलिंग. पुढे तिच्या शिडांवरचे क्रमांक ७० हजारांच्या पलीकडे गेले.

मिररची रीत अशी. प्लायवूडचे कापलेले तुकडे कडेला कड लावून तांब्याच्या तारेने टाचायचे. सगळा आकार उभा राहिला, की सांध्यांवर आतून-बाहेरून काचेची पट्टी रेझिनने बसवायची. रेझिन कडक झाले, की तारेची बाहेर आलेली टोके कापून टाकायची. जाड तुळया, त्यांतले अवघड कोन, फासळ्यांना वाफ देऊन वाकवणे, यांपैकी कशाचीही गरज उरली नाही. केन लिटलडाइक या इंग्रज शिक्षकाने लहान होड्यांसाठी वापरलेली कल्पना अशी लाखो वाचकांपर्यंत पोहोचली.

टाके घालून होडी बांधणे आपल्या किनाऱ्याला नवे नाही. हिंदी महासागरात शतकानुशतके फळ्या काथ्याने शिवून जहाजे बांधली जात. अजिंठ्याच्या चित्रातील जहाजावरून गोव्यात तशाच शिवण-रीतीने बांधलेले ‘कौंडिण्य’ हे जहाज २०२५ मध्ये भारतीय नौदलात दाखल झाले. दोन्ही रीतींतला फरक पाहण्यासारखा आहे. शिवलेल्या जहाजात काथ्या शेवटपर्यंत भार वाहतो आणि तो सैल झाला तर दिसतो, बदलता येतो. मिररमध्ये तारेचे काम काही तासांचे; खरा भार घेते ती काचेची पट्टी. टाका आता फक्त आकार धरण्यापुरता राहिला, ताकद रसायनाकडे गेली. हौशी माणसाला आकाराची भीती उरली नाही. त्याऐवजी रेझिनचे प्रमाण आणि तापमान यांची काळजी करावी लागू लागली.

पायव्हरपासून केल्सॉलपर्यंत

अटलांटिकच्या दुसऱ्या बाजूला, कॅलिफोर्नियात, आर्थर पायव्हर नावाचा गृहस्थ तीन तळांच्या होड्यांचे, म्हणजे ट्रायमरानचे, आराखडे विकत होता. तो नौकाशास्त्र शिकलेला नव्हता. प्लायवूडची पेटीसारखी अंगे आणि त्यांवर काचकापडाचा थर, अशी त्याची सोपी रचना होती. कुणीही परसात बांधू शकेल, असा त्याचा दावा. १९६०मध्ये ‘निंबल’ ही आपली होडी घेऊन त्याने अटलांटिक ओलांडला आणि जगभरच्या परसांत ट्रायमरान उभ्या राहू लागल्या. १९६८ मध्ये एकट्याने समुद्रात गेलेला पायव्हर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर परतला नाही. कारण कळले नाही. हौशी बांधणीच्या बाजूने लिहिताना हे नोंदवायलाच हवे. समुद्र हौशी आणि व्यावसायिक असा भेद करत नाही.

पायव्हरच्या आराखड्यावरून बांधलेल्या ‘फोलाट्र’ या होडीतून डेरेक केल्सॉल हा इंग्रज अभियंता १९६४च्या एकट्याने अटलांटिक ओलांडण्याच्या शर्यतीत उतरला. वाटेत कशावर तरी आपटून त्याला परतावे लागले. दुरुस्ती करून तो पुन्हा निघाला आणि पोहोचला. ट्रायमरानचा सगळा गुण हलकेपणात असतो. प्लायवूडहून हलके, ताठ आणि हव्या त्या वळणाचे अंग कसे करता येईल, या प्रश्नाला त्याने दिलेले उत्तर म्हणजे ‘टोरिया’ ही ४२ फुटी होडी : पीव्हीसी फोमचा गाभा, दोन्ही बाजूंनी काच आणि पॉलिएस्टर, साचा नाही. १९६६ मध्ये ब्रिटनला वळसा घालण्याची दोघादोघांची पहिली शर्यत झाली. ती टोरियाने जिंकली.

केल्सॉलने रूढ केलेली रीत हौशी माणसाने करण्याजोगी होती. होडीचे आडवे छेद कागदावरून प्लायवूडवर किंवा साध्या फळ्यांवर उतरवायचे, ते ओळीने उलटे उभे करायचे आणि त्यांवर लांब पट्ट्या ठोकून पिंजरा तयार करायचा. या पिंजऱ्यावर फोमचे पत्रे गरम करून वाकवायचे आणि आतून स्क्रूने किंवा दोऱ्याने खेचून धरायचे. बाहेरून काच आणि रेझिनचे थर द्यायचे. थर कडक झाले, की अख्खी होडी उलथायची, पिंजरा काढून टाकायचा आणि आतून दुसरा थर द्यायचा. पिंजऱ्याचे लाकूड पुन्हा कामाला येते.

अवघड भाग यापुढे सुरू होतो. साच्यातल्या होडीचे बाहेरचे अंग साच्यामुळे गुळगुळीत येते. इथे बाहेरचे अंग खडबडीत असते आणि ते लांब फळीला कागद लावून दिवसेंदिवस घासावे लागते. सखल जागी रेझिनमध्ये पोकळ काचगोळ्यांची बारीक भुकटी मिसळून केलेली लुकणासारखी भर घालायची आणि पुन्हा घासायचे. बोल्ट जिथून जाणार, तिथला फोम आधीच काढून त्या जागी भरीव तुकडा बसवायचा. नाहीतर बोल्ट आवळताच गाभा चिरडतो आणि त्याच भोकातून पाणी आत शिरते. कडेला गाभा उतरता करत दोन्ही थर एकत्र आणायचे. यातली कुठलीही गोष्ट यंत्राची नाही. ‘फायबरने हातकाम संपवले’ म्हणणाऱ्यांनी साच्याविना बांधलेली एक होडी घासून पाहावी.

थर्माकोल, इपॉक्सी आणि एक विमान

फोम आणि रेझिन यांची जोडी जमवावी लागते. आपल्याकडे मखरासाठी जो थर्माकोल वापरत, त्यावर पॉलिएस्टर रेझिन ओतले तर तो डोळ्यांदेखत विरघळतो. पॉलिएस्टरमध्ये स्टायरीन असते आणि थर्माकोल हा स्टायरीनचाच बहुवारिक. पीव्हीसी फोम टिकतो, पण महाग पडतो. इपॉक्सीमध्ये स्टायरीन नसते. म्हणून ते थर्माकोलच्या कुळातल्या फोमवरही लावता येते आणि त्याची पकडही पॉलिएस्टरपेक्षा चांगली असते.

या गुणाचा पुरेपूर उपयोग पुन्हा एका विमानवाल्याने केला. बर्ट रुटान याने १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मोहावी येथे ‘व्हॅरीइझी’ हे छोटे विमान उडवले आणि त्याचे आराखडे हौशी लोकांना विकायला सुरुवात केली. पंख करण्याची त्याची रीत अशी : फोमच्या ठोकळ्याच्या दोन टोकांना पंखाच्या छेदाचे नमुने लावायचे, विजेने तापवलेली तार त्यांच्या कडेवरून ओढत न्यायची, की पंखाचा आकार कापून निघतो. त्यावर काचकापड आणि इपॉक्सी. फोम आतच राहतो. तोच साचा आणि तोच गाभा.

होडी बांधणाऱ्यांना यातून सुकाणूचे पाते, मध्यपाते, झडपा, फळ्या असे भाग करण्याची सोय झाली. विमानाचा पंख आणि सुकाणूचे पाते यांचा छेद एकाच कुटुंबातला असतो. एक हवेत काम करतो, दुसरा पाण्यात.

पण रुटानची मला सर्वांत मोलाची वाटणारी देणगी तारेची नाही. त्याने शिकणाऱ्यांसाठी लिहिलेल्या पुस्तिकेत विमानाला हात लावण्याआधी सराव-तुकडे करायला सांगितले होते. ठरावीक मापाचा सपाट तुकडा काच आणि इपॉक्सीचा करायचा, कापायचा आणि त्याचे वजन करायचे. वजन जास्त भरले तर रेझिन जास्त झाले, म्हणजे भाग जड आणि ठिसूळ. कमी भरले तर काच कोरडी राहिली, म्हणजे भाग कमकुवत. गुरूने डोळ्यांनी पाहून ‘चालेल’ किंवा ‘चालणार नाही’ म्हणायचे, ते काम इथे तराजू करतो.

पुन्हा लाकडाकडे आणि दिवाडीकडे

याच सुमारास अमेरिकेत मिशिगन राज्यातील बे सिटी येथे मीड, जॅन आणि जोएल हे गूजन बंधू निराळ्या वाटेने चालले होते. त्यांनी इपॉक्सी लाकडासाठी वापरले. लाकडाचे पातळ थर किंवा पट्ट्या इपॉक्सीने जोडायच्या आणि सगळ्या बाजूंनी इपॉक्सीतच बंद करायच्या, म्हणजे त्यात ओल शिरत नाही. १९७० मध्ये ‘अडाजिओ’ ही त्यांची ट्रायमरान तयार झाली. १९७९ मध्ये त्यांनी नौकाबांधणीवरचे आपले पुस्तक प्रसिद्ध केले आणि कारागिराचे ज्ञान छापून सर्वांसमोर ठेवले. या वाटेवरची सर्वांत सुटसुटीत रीत म्हणजे हलक्या लाकडाच्या अरुंद पट्ट्या कडेला कड चिकटवून अंग उभारायचे आणि आत-बाहेर काचकापड चढवायचे. रचना सँडविचचीच, गाभा मात्र फोमऐवजी लाकडाचा. लाकडाच्या पट्ट्या पिंजऱ्यावर स्वतःहून सुंदर वळतात. त्यामुळे फोमइतके घासावे लागत नाही.

ही वाट गोव्यापर्यंत आली. मांडवीतल्या दिवाडी बेटावरील रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ ही ५६ फुटी शिडाची नौका बांधली गेली आणि फेब्रुवारी २००९ मध्ये ती भारतीय नौदलात दाखल झाली. आराखडा नेदरलँड्समधील व्हॅन द स्टाट यांचा. अंग रेड सीडर लाकडाच्या पट्ट्यांचे, त्यावर काचकापड आणि इपॉक्सी. भारतीय माणसाने एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी, ही कल्पना व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची. कमांडर दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात ती पुरी केली. पुढे २०१२-१३ मध्ये अभिलाष टोमी याच नौकेतून कुठेही न थांबता पृथ्वी फिरून आले.

म्हादेई ही काही परसात बांधलेली हौशी होडी नव्हे. पण तिच्या बांधणीत वापरलेले ज्ञान हौशी माणसांनी पुस्तके आणि आराखडे यांतून जगभर पोहोचवलेले होते. एवढी मोठी शिडाची नौका बांधण्याची परंपरा या कारखान्यात नव्हती आणि ती नसतानाही काम झाले.

एक तुलना याहून बोलकी आहे. १९६८-६९ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन याने न थांबता, एकट्याने पहिली पृथ्वीप्रदक्षिणा केली ती ‘सुहैली’ या ३२ फुटी नौकेतून. सुहैली मुंबईत, सागवानाची, इथल्या कारागिरांनी बांधलेली. १९६४ च्या डिसेंबरात ती पाण्यात उतरली. अर्ध्या शतकानंतर, २०१८ मध्ये, त्या शर्यतीची आठवण म्हणून नवी शर्यत भरली, तेव्हा अभिलाष टोमी यांच्यासाठी दिवाडीच्याच कारखान्यात सुहैलीची प्रतिकृती ‘थुरिया’ बांधण्यात आली. आकार तोच, पण साग नाही. सीडरच्या पट्ट्या, काच आणि इपॉक्सी. सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात थुरिया उलथली, डोलकाठ्या मोडल्या, टोमी यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर दुखापत झाली. तीन दिवसांनी फ्रेंच जहाज ‘ओसिरिस’ पोहोचेपर्यंत ते तिच्यातच पडून होते. थुरियाचे अंग तरंगत राहिले. एकाच आकाराच्या दोन नौका, दोन वेगळ्या विद्यांनी बांधलेल्या, आणि दोन्हींनी आतल्या माणसाला जिवंत परत पाठवले.

जमाखर्च

या रीतीची खर्चाची बाजूही मांडायला हवी. गाभ्यात एकदा पाणी शिरले, की ते बाहेर काढणे कठीण. लाकडाचा गाभा आतून कुजतो आणि बाहेरचा थर चकाकत राहतो. हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहणे हा जुना उपाय अजून चालतो : जोड शाबूत असेल तिथे आवाज टणक येतो, सुटला असेल तिथे बद्द. रेझिनच्या वाफा आणि काचेची भुकटी बांधणाऱ्याच्या फुप्फुसांत जातात. इपॉक्सीची त्वचेला कायमची ॲलर्जी होऊ शकते. दमट हवेत काही इपॉक्सींवर मेणचट थर येतो आणि तो धुतल्याशिवाय पुढचा थर बसत नाही. मॉस्किटोच्या वेळी खोटा ठरलेला पावसाळ्यावरचा आरोप इथे थोडा खरा ठरतो.

आणि या होड्या संपत नाहीत. सागाची नौका चिखलात रुतून मातीला मिळते. काच-रेझिनची नौका तशीच पडून राहते. फ्रान्सने २०१९ पासून जुन्या हौशी नौका मोडीत काढण्यासाठी उत्पादकांच्या खर्चाने चालणारी यंत्रणा उभारली. टिकाऊपणाचेही ओझे होते, हे लक्षात यायला या उद्योगाला अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

सुताराची विद्या गेली का, या प्रश्नाकडे शेवटी यावे लागते. लाकूड ओळखण्याची विद्या बरीचशी गेली आणि तिचे दुःख आहेच. तिच्या जागी जी आली ती वंशाने किंवा शागिर्दीने मिळत नाही. बांधणारा त्या दिवसाचे तापमान वहीत लिहितो, रेझिन आणि हार्डनर डोळ्यांच्या अंदाजाने न घेता तराजूवर घेतो आणि प्रत्येक वेळी उरलेल्या मिश्रणाचा एक छोटा तुकडा बाजूला ओततो. होडीचा प्रत्येक भाग करताना त्याच्याबरोबर असा एक तुकडा जन्मतो. काही दिवसांनी तो तुकडा पकडीत धरून मोडायचा. फोम फाटला आणि काच फोमला चिकटून राहिली, तर जोड चांगला. काच फोमवरून स्वच्छ सुटून आली, तर त्या दिवशी केलेला होडीचा भाग, तो कितीही देखणा असला, तरी कापून काढायचा आणि पुन्हा करायचा. घरी होडी बांधणाऱ्याला हे करायला भाग पाडणारा कुणी नसतो. तपासणारा तोच आणि समुद्रात त्या होडीत बसणाराही बहुधा तोच.